तळ्यातला जिताडा, खाडीतला जिताडा : फरक प्रथिनांत की हाताळणीत?

खाजणवाट : ‘तळ्यातल्या माशात प्रथिनं कमी, म्हणून मांस लिबलिबीत’ हे मुंबईच्या बाजारात सर्रास ऐकू येतं. मला ते पटत नाही. दोन्हीकडच्या जिताड्यात प्रथिनं १८ ते २० टक्क्यांच्या आसपासच असतात. जेलवरही, म्हणजे विजेने प्रथिनं आकारमानाप्रमाणे वेगळी करणाऱ्या थरावरही, दोघांच्या स्नायू-प्रथिनांचे मुख्य पट्टे तेच : मायोसिनची जड साखळी २०० किलोडाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं एकक) जरा वर, अ‍ॅक्टिन ४२ ला, ट्रोपोमायोसिन ३५ च्या आसपास, पार्व्हअल्ब्युमिन १२ ला. फरक म्हणून जे दाखवलं जातं, ते बहुतेकदा मासा कसा मेला आणि बर्फाविना किती तास पडून राहिला याचं चित्र असतं. मायोसिनचा पट्टा फिका आणि त्याखाली नवे बारीक पट्टे दिसले, तर ते मासा मेल्यावर एन्झाइम्सनी केलेलं काम आहे. त्यात तळ्याचा दोष नाही.

गाळातलं_कोलॅजन : साफ असहमत. तुम्ही जेलवर चढवता काय ते आधी पाहा. १ ग्रॅम पांढरा स्नायू, १० मिली कमी क्षाराचा फॉस्फेट बफर, ४ अंशांवर घुसळून सेंट्रिफ्यूज केलं की वर येतात ती सार्कोप्लाझ्मिक, म्हणजे पेशीरसातली विरघळणारी प्रथिनं. उरलेला गाळ ०.६ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या बफरमध्ये घुसळला की मायोसिन-अ‍ॅक्टिन सुटतं. त्यानंतर तळाशी जे राहतं ते बहुतेक जण फेकून देतात, आणि कोलॅजन, म्हणजे स्नायू बांधून ठेवणारं प्रथिन, नेमकं तिथेच असतं! हाडांच्या माशात ते एकूण प्रथिनांच्या जेमतेम ३ टक्के, पण स्नायूंचे पदर तेच एकमेकांना धरून ठेवतं. घट्टपणा मोजायचा असेल तर हा गाळ ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ११० अंशांना २४ तास ठेवून हायड्रॉक्सीप्रोलिन (कोलॅजनची खूण असलेलं अमिनो आम्ल) मोजा. फक्त त्यावरून कोलॅजन काढताना गाईगुरांच्या कोलॅजनचा गुणक लावू नका. माशाच्या कोलॅजनमध्ये हायड्रॉक्सीप्रोलिन कमी असतं, त्यामुळे आकडा खोटाच कमी येतो.

शिवाय तंतूंची जाडी आहेच. सामन माशात तंतू बारीक आणि दाट असले की मांस घट्ट लागतं, हे मोजलेलं आहे. भरपूर खाद्य खाऊन झटपट वाढलेल्या माशाचे तंतू आणि प्रवाहात पोहणाऱ्याचे तंतू सारखे धरून चालायचं कसं? हे जेलवर कधीच दिसणार नाही.

वजनकाटा : दोघेही लांबीबद्दल बोलत नाही आहात. जिताडा जन्मतो नर, काही वर्षांनी मादी होतो. तळ्यातला किलोभराचा मासा नर आणि खाडीतली सात किलोंची मादी शेजारी ठेवून ‘पाळीव विरुद्ध रानटी’ म्हणणं म्हणजे वय आणि लिंगाची तुलना झाली. लांबी जुळवा, पोट फाडून लिंग नोंदवा, आणि तुकडा दोघांचा एकाच जागेचा घ्या : पुढच्या पाठीचा, बाजूच्या रेषेच्या वरचा, तांबडा स्नायू काढून. तांबड्यात पार्व्हअल्ब्युमिन कमी असतं. तो मिसळला की १२ चा पट्टा फिका पडतो आणि नसलेला फरक दिसायला लागतो.

खाजणवाट : गाळाचा मुद्दा मान्य, कोलॅजन वेगळं मोजायलाच हवं. पण लिबलिबीतपणाचं पहिलं कारण मी अजूनही pH ला, म्हणजे सामूलाच (आम्लतेच्या मापाला) देईन. खाऊन-पिऊन तगड्या माशात ग्लायकोजेन (स्नायूत साठवलेली साखर) भरपूर, मेल्यावर त्याचं लॅक्टिक आम्ल होतं, सामू जास्त खाली येतो आणि पदर सुटतात. काढणीआधी दिवसभर खाद्य बंद ठेवून मासा थेट बर्फाच्या पाण्यात मारला नसेल, तर दोष तळ्यावर ढकलू नका.

गाळातलं_कोलॅजन : सामूचा मुद्दा तुमचा, पण तो दोन्ही माशांचा मोजल्याशिवाय कारण ठरत नाही. मारल्यापासूनचे तास समान ठेवून मोजा, मग बोलू.

बर्फाची_लादी : पावसाळ्यात यांत्रिक होड्यांची समुद्रातली मासेमारी बंद असते. त्या काळात ‘रानटी’ म्हणून गोठवलेला नमुना आणि समोर तळ्यातला ताजा, ही जोडी करूच नका. गोठवणीत मायोसिन एकमेकांना चिकटतं, क्षाराच्या बफरमध्ये कमी सुटतं, आणि ‘रानटीत मायोसिन कमी’ असा उफराटा निष्कर्ष निघतो. गोठवायचेच असतील तर दोन्ही नमुने एकाच दिवशी, एकाच तापमानाला. आणि मासा कुठला हे ओळखणं एवढाच प्रश्न असेल, तर प्रथिनं सोडा, चरबी तपासा. सोयायुक्त खाद्यावर वाढलेल्या माशात लिनोलेइक आम्ल (वनस्पती तेलातलं एक मेदाम्ल) ठळक जास्त येतं.