ओपनस्ट्रीटमॅपवर गावच्या पांदणी आणि वस्त्यांची नावे कशी नोंदवावीत?

पांदणवाट

नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातील एका लहान गावात राहतो आणि घरची शेती पाहतो. गेल्या वर्षी पोळ्याच्या दोन दिवस आधी आमच्या गावात एका मुलीला साप चावला. बोलावलेली रुग्णवाहिका फोनमधील नकाशा पाहत आली, ती आमच्या 'खुर्द'ऐवजी नाल्यापलीकडच्या 'बुद्रुक'मध्ये जाऊन उभी राहिली. नकाशात बुद्रुकहून आमच्याकडे सरळ रस्ता दिसतो, परंतु तो रस्ता नसून पांदण, म्हणजे शेतांमधून जाणारी मातीची वाट, आहे आणि त्या दिवसांत तिथे रिकाम्या बंडीचेही चाक निघत नाही. अखेर मुलीला मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून मोठ्या फेऱ्याने डांबरी रस्त्यापर्यंत न्यावे लागले. मुलगी वाचली, पण ती वाट तशीच नकाशात आहे, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

तेव्हापासून मी ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कोणालाही भर घालता येणाऱ्या इंटरनेटवरील खुल्या नकाशावर, आमचे शिवार नोंदवू लागलो आहे. उपग्रहचित्रात धुरा (शेताचा बांध) कोणता, चाकोरी (चाकांची खूण) कोणती आणि पांदण कोणती हे मला नेहमी ओळखता येत नाही. पावसाळ्यात बंद होणारी वाट नकाशात कशी दाखवावी? तलाठी कार्यालयात असलेला गाव नकाशा समोर ठेवून रेषा आखल्या तर चालेल काय? आणि आमच्या वस्त्यांची कागदावरची नावे वेगळी व बोलण्यातली वेगळी आहेत, त्यांतील कोणते लिहावे? जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

वर्धेचा नकाशेवाला

भाऊ, सर्वांत आधी आपल्या गावाचा बिंदू तपासा. कित्येक गावांचा बिंदू गावठाणापासून दूर, एखाद्या वावरात किंवा फाट्यावर पडलेला आढळतो, आणि मार्ग शोधणारे अॅप माणसाला त्या बिंदूपाशीच नेऊन सोडते. खुर्द आणि बुद्रुक या दोन्ही गावांचे बिंदू त्या त्या गावच्या चावडीजवळ किंवा ग्रामपंचायतीजवळ आणून ठेवा आणि नावात खुर्द, बुद्रुक हे शब्द पूर्ण लिहा. माझ्या मते रुग्णवाहिका चुकण्याचे मूळ पांदणीइतकेच या बिंदूतही असू शकते. एक मात्र ध्यानात असू द्या की इथे केलेली दुरुस्ती इतर कंपन्यांच्या नकाशांत आपोआप जात नाही, तिथे ती वेगळी कळवावी लागते. उलट बाजूने, त्यांच्या नकाशावरून पाहून इथे काहीही उतरवायचे नाही, कारण परवान्याप्रमाणे ते चालत नाही. ओपनस्ट्रीटमॅपच्या संपादन-अॅपमध्ये पार्श्वभूमी म्हणून जी उपग्रहचित्रे दिलेली असतात, तेवढ्यांवरूनच रेषा आखण्याची मुभा आहे.

आता चित्रातली वाट ओळखण्याविषयी. आपल्याकडच्या काळ्या मातीत उन्हाळ्यात बंड्या आणि ट्रॅक्टर वावरातून आडवे जातात, त्यांच्या चाकोऱ्या चित्रात पांढऱ्या आणि अगदी ठळक दिसतात, परंतु वखरणी झाली की त्या पुसल्या जातात. पुढच्या वर्षी चाकोरी दुसरीकडून पडते. म्हणून एकाच चित्रावर विसंबू नका. वेगवेगळ्या काळातील दोन चित्रांत जी रेषा त्याच जागी राहते आणि जिच्या दोन्ही बाजूंनी बोरी-बाभळींची रांग दिसते, ती बहुधा पांदण असते. खात्री मात्र पायी चालूनच होते. ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा वापरणारे ओस्मअँडसारखे अॅप आपण चाललेल्या वाटेचा माग इंटरनेटशिवाय नोंदवते. मोकळ्या शिवारात साध्या फोनचा जीपीएस साधारण ५ मीटरच्या आसपास चुकतो, आणि तेवढी चूक पांदणीसाठी फार नाही.

पांदण 'ट्रॅक' या प्रकारात घालावी. तिची प्रत १ ते ५ अशी लिहितात, १ म्हणजे पक्की आणि ५ म्हणजे मऊ मातीची. इथे आपल्या भागाची खरी अडचण येते. हीच माती एप्रिलमध्ये दगडासारखी टणक असते आणि जुलैमध्ये गुडघाभर चिखल होते, त्यामुळे नुसत्या प्रतीवरून चालकाला काहीच कळत नाही. जून ते सप्टेंबर मोटारवाहन जाऊ शकत नाही, ही अट स्वतंत्रपणे नोंदवा. सगळी अॅप्स ही अट वाचत नाहीत, म्हणून पांदण जिथे नाल्यात उतरते तिथे पाण्यातून जाण्याची जागा म्हणून 'फोर्ड' दाखवा, आणि डांबरी रस्त्यावर बुडणारा रपटा (बुटका पूल) असेल तर त्या तुकड्यावर पूरप्रवण अशी खूण करा. पांदण नकाशातून पुसून टाकण्याचा मोह होईल, तो टाळावा. उन्हाळ्यात तीच जवळची वाट असते.

निवृत्त महसूल कर्मचारी

गाव नकाशाविषयी लिहितो. त्या नकाशात दोन समांतर तुटक रेषांनी गाडीमार्ग आणि एका तुटक रेषेने पाऊलमार्ग दाखवलेला असतो. पाऊलमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट आणि गाडीमार्गाची साडेसोळा ते एकवीस फूट धरली जाते. परंतु प्रत्यक्षात कित्येक पांदणी दोन्ही बाजूंच्या धुऱ्यांनी खात खात चार-पाच फुटांवर आल्या आहेत आणि काही तर पूर्ण वहितीत, म्हणजे पिकाखाली, गेल्या आहेत. आपण नकाशावर जे आज जमिनीवर आहे तेवढेच दाखवावे. कागदावर आहे म्हणून मोडलेली वाट चालू दाखवली, तर पुन्हा कोणीतरी त्या वाटेने येऊन अडकेल. शिवाय गाव नकाशा शासकीय दस्तऐवज आहे, त्यावरून थेट रेषा उतरवण्यापूर्वी परवानगीचा प्रश्न उभा राहतो. त्याचा उपयोग कुठे चालून पाहायचे हे ठरवण्यापुरता करावा.

अडवलेल्या वाटेसाठी मार्ग वेगळा आहे. मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे अडथळा दूर करण्यासाठी अर्ज करता येतो, आणि धुऱ्यावरून नवीन रस्ता हवा असल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चे कलम १४३ आहे. ओपनस्ट्रीटमॅपवरील रेषा तिथे हक्काचा पुरावा म्हणून उभी राहणार नाही, हे गावातल्या दोन्ही पक्षांना आधीच सांगून ठेवा. नाहीतर आपण फोन घेऊन धुऱ्यावरून चालताना दिसलात की लोकांना मोजणी आली असे वाटेल. मी नोकरीत असताना केवळ टेप हातात दिसला म्हणून भाऊबंद एकमेकांवर धावून गेलेले पाहिले आहेत.

नाल्याकाठची

वस्तीच्या नावांबद्दल मला बोलायचे आहे. भारतात मुख्य नावाच्या रकान्यात बहुतेक रोमन लिपीतील नाव असते आणि मराठी नावासाठी वेगळा रकाना असतो, तो देवनागरीत भरावा, एवढे सोपे आहे. जुन्या आणि स्थानिक नावांनाही वेगळे रकाने आहेत. 'लोक जे म्हणतात ते लिहावे' हा सल्ला रस्त्याला आणि टेकडीला ठीक आहे, पण वस्तीच्या बाबतीत कोणते लोक म्हणतात हे विचारायला हवे. आमच्या वस्तीला अर्धे गाव आजही जातीच्या नावाने हाक मारते. डिसेंबर २०२० मध्ये राज्य शासनाने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, आमच्या ग्रामपंचायतीने नवीन नावाचा ठराव केला आणि वस्तीच्या तोंडाशी फलकही लागला. तरीही कोणी बाहेरून नकाशात जुनेच नाव टाकले, तर ते प्रत्येक फोनवर पुन्हा उमटते. दादा, तुम्ही वस्तीत जाऊन तिथल्याच बायामाणसांना विचारा आणि ते सांगतील तेच नाव लिहा. 'जुने नाव' या रकान्यातही जातीचे नाव घालू नका, अशी माझी विनंती आहे. विहिरींना आणि घरांना मालकांची नावे देणेही टाळावे.

पांदणवाट

सर्वांचे मनापासून आभार. ताई, माझ्या यादीत आपण म्हणता तसे एक नाव होते. आज मी त्या वस्तीत जाऊन आलो, आणि आता तिथल्यांनी सांगितलेले नाव मराठी रकान्यात आहे.

आमच्या गावाचा बिंदू खरोखरच बुद्रुककडच्या फाट्यावर होता, तो चावडीपाशी आणला. पांदणीवर जून ते सप्टेंबरची अट घातली आणि नाल्यातील उतारही दाखवला. माग नोंदवण्यापूर्वी मी सरपंचांना आणि दोन्ही बाजूंच्या वावरवाल्यांना भेटून हे मोजणीचे काम नाही असे सांगितले, त्यातले एक काका माझ्यासोबत शेवटपर्यंत चालले. मधला सुमारे दोन वावरांएवढा तुकडा वहितीत गेलेला आहे, तेवढा मी आखला नाही. दुसऱ्या नकाशात दुरुस्ती कळवली आहे, ती अजून स्वीकारली गेलेली नाही. तोपर्यंत चावडीजवळचा बिंदू आणि डांबरी रस्त्याची वाट एका कागदावर छापून गावच्या आशाताईंकडे (आशा आरोग्य कार्यकर्तीकडे) आणि शाळेत ठेवली आहे, म्हणजे फोन करणाऱ्याला कोणत्या बाजूने या हे सांगता येईल.