शहापूरहून उद्यमबागेत कार्यालय हलवल्यापासून नॅस सापडत नाही

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव)

नमस्कार. पॅटर्न आणि कास्टिंगची ड्रॉइंग तयार करणारे आमचे लहानसे कार्यालय शहापूरमधून उद्यमबागेतील कारखान्याच्या वरच्या मजल्यावर हलवले आहे. सर्व ड्रॉइंग आणि टॅलीचा डेटा दोन डिस्कच्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडून सर्व संगणकांनी वापरायच्या साठवण-पेटीवर, असतो. इंटरनेटची जोडणी नवी घेतली असून राउटरही त्या जोडणीसोबत आलेला नवाच आहे. नॅस सुरू होतो, दोन्ही डिस्कचे दिवे हिरवे आहेत आणि केबलच्या खोबणीतला दिवाही लुकलुकतो. तरीही कोणत्याही संगणकावरून नॅसचा ड्राइव्ह उघडला की नेटवर्कचा मार्ग सापडत नाही असा संदेश येतो. नॅसवरच्या चिठ्ठीत १९२.१६८.०.२० असा पत्ता लिहिलेला आहे. त्याला पिंग केले, म्हणजे तो प्रतिसाद देतो का हे संगणकावरून तपासले, तर उत्तर येत नाही. एका परिचितांनी रीसेटचे बटण दाबा असे सुचवले, तर दुसऱ्यांचे म्हणणे असे की डिस्क काढून थेट संगणकाला जोडून पाहावी. फौंड्रीला ड्रॉइंग द्यायची असल्याने घाई आहे, पण डेटा गमावण्याची भीती त्याहून मोठी आहे. नेमके काय करावे?

उत्तर (निपाणी)

सुचवलेल्या दोन्ही गोष्टी तूर्त करू नका. बहुतेक नॅसच्या डिस्कवर लिनक्सची फाइल सिस्टिम असते आणि ती विंडोजला वाचता येत नाही. डिस्क जोडताच विंडोज ती फॉरमॅट किंवा इनिशियलाइज करायची का असे विचारते, आणि घाईत कोणी ‘होय’ म्हटले, तर आज जो डेटा सुखरूप आहे तोच धोक्यात येईल. रीसेटचे बटण प्रत्येक कंपनीचे वेगळे वागते. सायनॉलॉजीचे उदाहरण घ्या. तिथे ते सुमारे चार सेकंद दाबले, तर अॅडमिनचा पासवर्ड आणि नेटवर्कची सेटिंग मूळ स्थितीत येते, पण लगेच पुन्हा दाबले, तर प्रणालीच नव्याने बसवण्याची पाळी येते. माहितीपुस्तिका हाती नसताना त्या बटणाला हात न लावणे बरे.

आपण दिलेल्या माहितीवरून डिस्क शाबूत आहेत आणि अडचण पत्त्याची आहे असे दिसते. एखाद्या संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘आयपीकॉन्फिग’ चालवा. तिथे १९२.१६८.१ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर कारण सापडले असे समजा. जुन्या राउटरच्या पत्त्यांची मालिका १९२.१६८.० ची होती, नव्याची १९२.१६८.१ ची आहे, आणि नॅसवर मात्र कायमचा पत्ता हाताने भरून ठेवलेला आहे. संगणक आणि नॅस दोन्ही एकाच स्विचवर (केबल एकत्र जोडणाऱ्या पेटीवर) असले, तरी संगणकाच्या दृष्टीने तो पत्ता बाहेरच्या नेटवर्कमधला ठरतो, म्हणून तो ती विनंती राउटरकडे पाठवतो आणि राउटर ती इंटरनेटच्या दिशेने ढकलतो. लुकलुकणारा दिवा केबल जोडलेली आहे एवढेच सांगतो. पत्ते जुळतात की नाही, हे त्याला कळत नाही.

एक लॅपटॉप घ्या, त्याचे वायफाय बंद करा आणि तो केबलने थेट नॅसला जोडा. लॅपटॉपच्या इथरनेट सेटिंगमध्ये १९२.१६८.०.५० हा पत्ता आणि २५५.२५५.२५५.० हा मास्क तात्पुरता भरा, गेटवे रिकामा ठेवा. आता ब्राउझरमध्ये चिठ्ठीवरचा पत्ता टाकल्यास नॅसचे पान उघडायला हवे. काही नॅसवर पत्त्यापुढे पोर्ट क्रमांकही द्यावा लागतो, सायनॉलॉजीवर तो सहसा ५००० असतो. पान उघडले, की सेटिंग बदलण्याआधी तातडीची ड्रॉइंग आणि टॅलीचा डेटा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. त्यानंतर नॅसचे नेटवर्क डीएचसीपीवर (राउटरने आपोआप पत्ता देण्याच्या पद्धतीवर) करा आणि नव्या राउटरमध्ये त्याच्यासाठी एक पत्ता राखून ठेवा.

उत्तर (टिळकवाडी, बेळगाव)

निदान पटते, पण शेवटच्या पायरीबाबत माझे मत निराळे आहे. नॅसचा पत्ता बदलला, की प्रत्येक संगणकावरचा मॅप केलेला ड्राइव्ह, टॅलीमधील डेटाचा मार्ग, स्कॅन केलेला कागद थेट नॅसवर टाकणारे यंत्र आणि ड्रॉइंगमध्ये जोडलेल्या दुसऱ्या ड्रॉइंगचे मार्ग, जिथे जिथे तो आकडा लिहिलेला असेल तिथे तिथे तो बदलावा लागेल, आणि एखादा राहून गेल्याचे नेमके जीएसटीचे विवरण भरण्याच्या दिवशी लक्षात येईल. त्यापेक्षा नव्या राउटरचाच लॅन (कार्यालयातील नेटवर्कचा) पत्ता १९२.१६८.०.१ करावा. मात्र त्याची डीएचसीपी श्रेणी अशी ठेवावी, की ०.२० तिच्या बाहेर राहील, नाहीतर एखाद्या मोबाइललाच तो पत्ता मिळून नवा घोटाळा होईल. जुना राउटरही ०.१ वर होता का, हे नॅसच्या गेटवेच्या (राउटरच्या पत्त्याच्या) रकान्यात पाहून घ्यावे. बदलानंतर सर्व संगणक एकदा बंद करून सुरू करावेत. ‘नेटवर्क’मध्ये नॅसचे चित्र दिसले नाही तरी घाबरू नये, कारण विंडोज नवे नेटवर्क बहुधा ‘पब्लिक’ धरते आणि शोध बंद ठेवते. पत्ता थेट टाकला, की फोल्डर उघडतो.

प्रश्नकर्ता

राउटरचा पत्ता बदलल्यावर सर्व संगणकांवर ड्राइव्ह पूर्वीसारखे दिसू लागले. दोघांचेही मनापासून आभार. आता मोठी फाइल नॅसवर टाकताना वेग सेकंदाला ११ एमबीच्या वर जात नाही. शहापूरला तो १०० च्या पुढे असे. खालच्या यंत्रांच्या थ्री-फेज वायरी आणि नेटवर्कची केबल एकाच पट्टीतून नेली आहे, त्यामुळे असे होत असेल का?

उत्तर (खानापूर)

वेग बरोबर ११ वर अडकला, याचा अर्थ जोडणी गिगाबिटवर न जाता १०० एमबीपीएसवर ठरली आहे. विजेच्या वायरींचा त्रास असता, तर वेग वर-खाली झाला असता आणि मधूनच जोडणी तुटली असती. तो असा एका आकड्यावर स्थिर राहिला नसता. गिगाबिटसाठी केबलमधील चारही जोड्या लागतात, १०० साठी दोनच पुरतात. त्यामुळे केबलच्या टोकाला प्लग बसवताना (क्रिम्प करताना) एखादी तार नीट बसली नसली, तरी काम चालू राहते, फक्त संथपणे. नॅसच्या पानावर जोडणीचा वेग पाहा आणि नॅस ते स्विच ही केबल तयार मिळणारी नवी लावून पाहा. स्विचच्या पोर्टवर ‘१०/१००’ एवढेच छापलेले असेल, तर मात्र स्विचच बदलावा लागेल. वायरी वेगळ्या करणे आवश्यक आहेच, पण ते काम रविवारी कारखाना बंद असताना करा आणि नॅसला यूपीएसवर ठेवा.