सिंदिया ही स्वदेशी बोट कंपनी काढली कोणी? एकट्या वालचंद हिराचंदांनी?

गिरणगावकर: 5 एप्रिलच्या सागरी दिनाची एक पोस्ट सगळीकडे फिरतेय, "वालचंदशेठनी एकहाती स्वदेशी बोट कंपनी उभारली". एकहाती?? 1919 ला सिंदिया निघाली तेव्हा चेअरमन कोण होते ते तरी बघा. नरोत्तम मोरारजी! मोरारजी गोकुळदासांचा मुलगा, वडील गेले तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा, पुढे मुंबईची गिरणी आणि सोलापूरची जुनी गिरणी दोन्ही त्यानेच बघितल्या. किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास हेही बरोबर होते. नरोत्तमशेठ 1929 ला गेले, तोवर चेअरमन तेच. एका माणसाचा पुतळा करायचा म्हणून बाकीच्यांना पुसायचं का?

सोलापूरकर: अहो बापाच्या गिरण्या असल्यावर खुर्ची मिळणारच की. वालचंद रेल्वेची कंत्राटं घेऊन वर आलेला माणूस. ग्वाल्हेरच्या शिंद्यांची 'लॉयल्टी' बोट घ्यायची हा ध्यास कोणाचा? पहिल्या फेरीला लंडनला बोटीवर कोण होतं? आमच्या सोलापूरचा माणूस मोठा झाला की लगेच मुंबईकरांच्या पोटात दुखतं.

गिरणगावकर: पोटात दुखायचं काय, जुनी गिरणी पण सोलापुरातच होती ना! आणि लॉयल्टीचं कौतुक पुरे, ती 1891 ची जुनी बोट, 1923 ला मोडीत गेली. लॉर्ड इंचकेपच्या ब्रिटिश इंडिया या बोट कंपनीने भाडी पाडली तेव्हा तोटा सोसत वर्षानुवर्षं तग धरायला बाजारात पत लागते, ती मोरारजी नावाला होती.

सोलापूरकर: आणि त्याच पतवाल्यांच्या काळात इंचकेपशी 1923 चा करार झाला! दहा वर्षं हात बांधून घेतले, टनेजवर (बोटींच्या एकूण क्षमतेवर) मर्यादा, फक्त किनाऱ्याचा धंदा. विशाखापट्टणमची गोदी मात्र वालचंदांच्या काळातली, 1948 ला 'जलउषा' जहाज तिथूनच पाण्यात उतरलं.

चेन्नईतला मराठी: दोघांनाही सांगतो, चिदंबरम पिल्लैंनी 1906 लाच तुतिकोरिनला स्वदेशी बोट कंपनी काढली होती, 1908 ला तुरुंगात गेले. त्यांच्यामागे गिरणी नव्हती आणि कंत्राटंही नव्हती. त्यांचं नाव कोणीच घेत नाही.

हर्णैवाला: शेठलोकांचं चाललंय तर कोकणाचं पण ऐका. 1939 ला सिंदियाने बॉम्बे स्टीम नेव्हिगेशन घेतली, म्हणजे आमच्या किनाऱ्याच्या बोटी. माझी आजी सांगायची, बोट हर्णैला धक्क्याला लागायचीच नाही, लांब समुद्रात उभी. पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, जायचं, लाट वर आली की खलाशी ओरडणार "आता!" आणि बाईमाणसाने लुगडं सावरत, कडेवर पोर घेऊन शिडी पकडायची. तिची ट्रंक एकदा तशीच पाण्यात गेली, आत बहिणीच्या लग्नाची साडी होती. कोकणाला साधा धक्का कोणी बांधून दिला नाही, ह्यावर कधी पोस्ट आली का?

सोलापूरकर: दादा, बंदर बांधणं सरकारचं काम, कंपनीचं नव्हे.

हर्णैवाला: माहितीये! म्हणूनच म्हणतो, चेअरमन कोण ह्यावर काय भांडता. पडाव वल्हवणाऱ्या आमच्या कोळ्यांची नावं कुठल्या इतिहासात आहेत?

दाभोळची लेक: अगदी खरं. पावसाळ्यात बोटी बंद, मग चार महिने मुंबईच्या चाकरमान्याचं तोंड दिसायचं नाही. आमच्या घरी बोटीचा भोंगा ऐकू आला की चहाचं आधण ठेवायचे, कोणीतरी येणार म्हणून.

गिरणगावकर: विषय कुठल्या कुठे गेला. सुमती मोरारजींचं तर नावही निघालं नाही, नरोत्तमशेठांची सून, पुढे तीच कंपनी चालवली, 1971 ला पद्मविभूषण.

सोलापूरकर: बरं, सुमतीबाईंचं मान्य. आणि "एकहाती" हा शब्द चुकला, हेही मान्य करतो, पण नरोत्तमशेठ पुढे आणि वालचंद मागे असं कोणी लिहिलं तर परत येईन भांडायला.

हर्णैवाला: या, पण हर्णैमार्गे या.