16 वर्षांच्या मुलाचे हात रात्रभर बांधून ठेवले. दुसरा काही मार्ग नसतो का?

शिरपूरकर_शेतकरी
मुलगा अकरावीला आहे. आठ दिवसांपासून धुळ्यातल्या एका खासगी दवाखान्यात मानसिक आजारासाठी भरती आहे, मी त्याच्याजवळच राहतो. परवा रात्री दहाला त्याला आईशी बोलायचं होतं. वॉर्डातल्या मावशींनी "आता नाही, सकाळी" म्हणत हातातून फोन ओढून घेतला. त्याने सलाइनचा स्टँड ढकलला, मला छातीत बुक्की मारली. दोघांनी दाबून धरलं, इंजेक्शन दिलं आणि हात पलंगाला बांधले, ते सकाळी सहाला सोडले. मनगटावर वळ आहेत. विचारलं तर म्हणे, रात्री माणसं कमी असतात. तेव्हापासून तो सारख्या येरझाऱ्या घालतो, "बसवत नाही" म्हणतो. स्टाफ म्हणतो अजून चिडलेलाच आहे. घरी त्याने माझ्यावर कधी हात उचलला नव्हता. घेऊन जाऊ का घरी?

निवृत्त_सिस्टर
भाऊ, 24 वर्षं मनोरुग्ण विभागात काढली, त्यातली बरीच पोरासोरांत. घाईने घरी नेऊ नका, औषध मध्येच तुटेल.

आधी त्या येरझाऱ्यांचं बघा. हॅलोपेरिडॉलसारख्या शांत करायच्या इंजेक्शननंतर काहींच्या पायात आतून सळसळ सुटते, माणूस एका जागी ठरतच नाही. याला अकाथिसिया म्हणतात. तो राग समजून पुन्हा तेच इंजेक्शन दिलं तर त्रास वाढतो. डॉक्टरांना आत्ताच सांगा, "इंजेक्शननंतर सुरू झालं." डोस कमी करता येतो, उताऱ्याचं औषधही असतं. मान वाकडी झाली, जबडा आखडला, डोळे वर चढले तर एक मिनिट थांबू नका. तरुण मुलांत हे जास्त होतं.

आता बांधण्याचं. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात कलम 97 आहे. इजा होण्याचा धोका अगदी समोर असेल आणि दुसरा उपायच नसेल तेव्हाच बांधता येतं, तेही मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने आणि गरजेपुरतंच. कारण, पद्धत, किती वेळ, सगळं फाइलमध्ये लिहावं लागतं, आणि पालकाला 24 तासांत कळवावं लागतं. शिक्षा म्हणून नाही, माणसं कमी म्हणून तर नाहीच. फाइलमधली ती नोंद दाखवायला सांगा. भांडू नका, पण सोडूही नका. रात्रभर पोराला बांधलेलं वाचून मला झोप आली नाही.

मूळ गोष्ट फोनची. स्टँड पडला तेव्हा राग दिसला, पण तो सुरू झाला हातातून फोन ओढला तेव्हा. वॉर्डात आमचा नियम होता, एका वेळी एकच माणूस बोलेल, दोन हात अंतर ठेवून, दार न अडवता. वाक्यं छोटी. नुसतं "नाही" म्हणायचं नाही, पोराला निवडायला काहीतरी द्यायचं: "आत्ता दोन मिनिटं बोलतो, का सकाळी चहानंतर दहा?" साक्रीकडचा एक पोरगा होता, आमची पुस्तकी मराठी ऐकली की मुठी आवळायचा. आमचा अमळनेरचा वॉर्डबॉय लांब खाली बसून म्हणायचा, "बठ भो, पानी पे." अर्ध्या तासात पोरगा त्याच्याशी कपाशीवर बोलत असायचा. तुम्हीही त्याच्याशी घरच्यासारखं अहिराणीतच बोला.

एक विचारते, राग मानू नका. तंबाखू-गुटख्याची पुडी खातो का? भरती झाल्यावर ती एकदम सुटली की पोरं फार चिडचिडी होतात. डॉक्टरांना ते माहीत हवं.

नंदुरबारची_आई
मी माझ्या मुलीला चौथ्या दिवशी रडत घरी आणलं होतं. गोळ्या बंद झाल्या, महिन्याभरात आधीपेक्षा वाईट हालत. सिस्टर म्हणतात तसं थांबा, भाऊ. आणि तुमच्या छातीला लागलंय तेही दाखवून घ्या. रात्री कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस 14416, मानसिक त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, फोन फुकट आहे, मराठीत बोलतात. मी त्यांच्याशी दोनदा बोलले आहे.

शिरपूरकर_शेतकरी
डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी इंजेक्शन थांबवून गोळी बदलली. संध्याकाळी दहा मिनिटं बसून जेवला. फाइलमध्ये फक्त "रुग्ण आक्रमक" एवढंच लिहिलंय. वेळ नाही, परवानगी नाही. लेखी अर्ज देतोय. फोन रोज रात्री नऊला ठरला, आज त्याची आईच आधी रडली, त्याने तिला समजावलं. पुडीचं अहिराणीत विचारलं. मान खाली घातली. रोज चार, दोन वर्षांपासून. मला माहीतच नव्हतं, सिस्टर.

निवृत्त_सिस्टर
ओरडला नाहीत ना त्याच्यावर?

शिरपूरकर_शेतकरी
नाही. हात धरून बसलो.