ओट्यावर राहिलेलं लोणी
प्रश्न: काल रात्री ताक करून लोणी काढलं आणि वाटी ओट्यावरच राहिली, सकाळी बघते तर पार मऊ पडलंय, कडेला पाणी सुटलंय नि आंबूस वास येतोय. टाकवत नाही हो, काय करू?

– अगं टाकू नकोस, दोन-तीनदा गार पाण्यात धू आणि लगेच कढव. लोण्यात ताकाचा अंश राहतो ना, तोच आंबतो. बुरशी दिसली तर मात्र सरळ टाक.

– विकतच्या बटरमध्ये किमान ८० टक्के फॅट, वर मीठ, म्हणून ते जरा जास्त टिकतं. पण एकदा वितळून परत घट्ट झालं की रवाळ लागतं, मूळचा मऊपणा नाही येत.

– आजी लोण्याचा गोळा पाण्यात बुडवून ठेवायची, रोज पाणी बदलायचं. हवा कमी लागते, लवकर खवट होत नाही.

– कढवलं! बेरी जरा जास्त निघाली, पण तूप छान झालंय.