भाऊ ऑस्ट्रेलियात खाणीच्या गावात आहे, तिथला एक म्हातारा गायब झालाय, भावाने पोलिसांना सांगावं का?

इंदिरानगरची_ताई

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. माझा धाकटा भाऊ, इथेच नाशकात हॉटेल मॅनेजमेंट केलं, आता सव्वा वर्ष झालं साउथ ऑस्ट्रेलियात एका मोटेलच्या किचनमध्ये शेफ आहे, ४८२ व्हिसावर, म्हणजे मालकाने स्पॉन्सर केलंय. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण गाव एवढंसं आहे की नाव लिहिलं तर माणसं ओळखू येतील. ओपल (दागिन्यात वापरतात तो रंगीत मौल्यवान खडा) निघतं तिथे. चारी बाजूला उजाड माळ आणि जिकडे बघाल तिकडे भोकं, आणि उन्हाळ्यात एवढं तापतं की कितीतरी लोक जमीन पोखरून आतच घर करून राहतात.

तर तिथे एक सत्तरीच्या पुढचे आजोबा होते, एकटेच, एक कुत्रा आणि स्वतःचा क्लेम (खोदायला परवान्यावर मिळतो तो जमिनीचा तुकडा). दर गुरुवारी मोटेलवर जेवायला यायचे, भाऊ त्यांना मेनूबाहेरचं वरण-भात द्यायचा, त्यांना फार आवडायचं. मागच्या महिन्यात लागोपाठ दोन गुरुवार आले नाहीत. मग कोणीतरी पोलिसांना कळवलं. गाडी क्लेमवर उभी, किल्ली गाडीतच. भाऊ म्हणतो तिथे सगळेच किल्ली गाडीत ठेवतात, त्यात विशेष काही नाही. पण घरात चष्मा, बीपीच्या गोळ्या, आणि कुत्रा आत कोंडलेला, पाण्याचं भांडं कोरडं ठणठणीत. वाचला बिचारा. आणि आजोबा कुत्र्याशिवाय कधी क्लेमवर जायचेच नाहीत.

गावात सगळ्यांचं एकच, शाफ्टमध्ये (खाणीच्या उभ्या भोकात) पडले असतील. विषय संपला.

आता खरा प्रश्न. ते गायब व्हायच्या चार-पाच दिवस आधी भाऊ मागच्या दाराने कचरा टाकायला गेला तेव्हा आजोबा आणि मोटेलच्या मालकाचा पार्टनर यांचं जोरात भांडण चालू होतं. भावाला सगळं कळलं नाही पण आजोबा म्हणत होते की तू माझ्याकडे नाइट शिफ्ट करतोयस, मला माहितीये. भावाला वाटलं ड्युटीबद्दल असेल, पगार-बिगार थकला असेल कोणाचा. पोलीस मोटेलवर येऊन गेले, सगळ्यांना शेवटचं कधी बघितलं एवढंच विचारलं, याने भांडणाचं सांगितलं नाही. आता रोज रात्री फोन करून मला विचारतो ताई सांगू का नको. मी इथे बसून काय सांगणार? आईला काही माहीत नाही.

मिसळवाला_सातपूर

ताई स्पष्ट बोलतो, राग मानू नका. गप्प बसायला सांगा. आपण तिकडे पोट भरायला गेलोय. मालकाच्या पार्टनरवर बोट दाखवलं तर उद्या नोकरी गेली, परवा व्हिसा गेला. म्हातारा माणूस, उघडी भोकं, पाय घसरला असेल. एवढं काय.

रिटायर्ड_हवालदार

मिसळवाले, "पाय घसरला असेल" हे वाक्य मी ३१ वर्षांच्या नोकरीत किती वेळा ऐकलं त्याचा हिशोब नाही. ग्रामीणला होतो, निफाड-दिंडोरी पट्टा, द्राक्षाचे मळे आणि दर दोन-चार शेतांमागे एक विहीर. कोणी विहिरीत सापडलं की आपण पोचायच्या आत गावाने ठरवलेलं असतं, पाय घसरला. अकस्मात मृत्यूची नोंद करा साहेब आणि मोकळं व्हा. पुष्कळदा ते खरंही असतं, नाही असं नाही. पण आमच्या एका जुन्या फौजदारांनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, विहिरीत नंतर वाक, आधी चपला कुठे आहेत ते बघ. घसरलेल्याच्या चपला पायात असतात नाहीतर पाण्यात असतात, काठावर जोडीने लावून ठेवलेल्या नसतात. आणि चपला घरीच असतील तर तो माणूस अनवाणी शेताच्या टोकापर्यंत का गेला ते आधी विचारायचं.

तुमच्या आजोबांचा चष्मा घरी आहे. भोकांच्या माळावर चष्म्याशिवाय गाडी चालवत गेले? जवळचं वाचायचा चष्मा का लांबचा, एवढं भावाला विचारा. वाचायचा असेल तर माझं म्हणणं निम्मं गळतं. पण कुत्रा? कुत्र्याचं काय?

लाल_माती

मी मूळचा सिडकोचा, पाच वर्षं कालगुर्लीला सोन्याच्या खाणीत मेंटेनन्सला होतो, आता पर्थ. ओपलचा पट्टा पण बघितलाय, सुट्टीत कूबर पेडीला गेलेलो, अ‍ॅडलेडपासून साडेआठशे किलोमीटर, १९१५ साली एका १४ वर्षांच्या पोराला तिथे ओपल सापडलं आणि गाव वसलं. तिथे पोचल्यावर पहिली पाटी काय दिसते तर पळू नका आणि मागे मागे चालत जाऊ नका. फोटो काढताना लोक मागे सरकतात आणि जातात खाली. शाफ्ट साधारण मीटरभर रुंद, खाली वीस-तीस मीटरपर्यंत, आणि काम झालं तरी बुजवत नाहीत, तसेच उघडे, शेजारी उपसलेल्या मातीचा ढीग. त्यामुळे पडणं अजिबात अशक्य नाही, ते मिसळवाल्यांचं बरोबर आहे. पण तो नवख्यांसाठीचा धोका आहे हो, तिथे उभी हयात काढलेला माणूस स्वतःच्या क्लेमवरची भोकं आपण घरातला जिना उतरतो तशी पाठ असल्यासारखा फिरतो.

पण ताई, मी हे लिहायला बसलो ते वेगळ्याच गोष्टीसाठी. "नाइट शिफ्ट" म्हणजे तिकडे ड्युटी नाही!! ओपलवाल्यांच्या भाषेत नाइट शिफ्ट करणं म्हणजे रात्री दुसऱ्याच्या क्लेममध्ये उतरून त्याचं ओपल चोरणं. तिकडे न्यू साउथ वेल्समध्ये लायटनिंग रिजला अशांना रॅटर म्हणतात, उंदीर. माणूस दिवसभर खोदतो, रंग दिसायला लागला की संध्याकाळी थांबतो, आणि सकाळी येऊन बघतो तर भिंत कोरून नेलेली. वर्षाची कमाई एका रात्रीत. या गोष्टीवरून तिकडे पिढ्यान् पिढ्या वैर चालतं. तुमच्या भावाने जे ऐकलं ते पगाराचं भांडण नव्हतं, तो चोरीचा आरोप होता, तोंडावर केलेला. आणि चार दिवसांनी आरोप करणारा गायब.

इंदिरानगरची_ताई

वाचून हातपाय गार पडले. भावाला फोन केला, तो पाच मिनिटं काही बोललाच नाही. चष्मा लांबचा आहे, नेहमीचा. जाड काचेचा. काका तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

म्हसरूळचा_वकील

व्हिसाबद्दल, कारण भीती तिथे आहे. ४८२ वाल्याची नोकरी सुटली की लगेच हाकलतात असं नाही. आधी ६० दिवस मिळायचे, १ जुलै २०२४ पासून एका वेळी १८० दिवसांपर्यंत आणि सगळे मिळून ३६५ दिवसांपर्यंत मुदत आहे नवीन स्पॉन्सर शोधायला. त्या काळात दुसरीकडे कामही करता येतं. आणि पोलिसांना खरं सांगितलं म्हणून व्हिसा जात नाही, गेला तर नोकरी गेल्यामुळे जाईल आणि त्याला एवढी मुदत आहे. त्यांना शेफ कमीच पडतात. तरी तिकडच्या मायग्रेशन वकिलाशी एकदा बोलून घ्या, मी इकडचा माणूस.

दुसरं, शव मिळालं नाही म्हणजे काही होणार नाही असं समजू नका. आपल्याकडे सात वर्षं काही खबर नसेल तर मेला असं कोर्ट धरतं, आधी पुरावा कायद्याचं कलम १०८ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात १११ झालंय. तिकडे कोरोनर (संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी) असतो, तो शव नसतानाही चौकशी करून निष्कर्ष देतो. नॉर्दर्न टेरिटरीत लॅरिमा म्हणून हायवेवर डझनभर वस्तीचं गाव आहे, खाणीचं नाही पण तसंच एकाकी. १६ डिसेंबर २०१७ ला तिथला सत्तर वर्षांचा एक माणूस पबमधून घरी निघाला तो आपल्या कुत्र्यासकट गायब. २०२२ मध्ये कोरोनरने सांगितलं की त्याला मारलं गेलंय, आणि बहुधा शेजाऱ्यांशी चाललेल्या वैरातून. पण मृतदेह नव्हता. अशा वेळी असतं काय हातात? कोण कोणाशी काय बोललं, एवढंच.

लाल_माती

आमच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलियातल्या सँडस्टोन गावाचं पण तसंच. २०१५ ला सोनं शोधायला गेलेलं नवरा-बायको. त्यांचा ग्रेट डेन जातीचा कुत्रा एकटाच भटकत गावात आला. नवरा एका सोडलेल्या शाफ्टच्या तळाशी सापडला, बायको आजपर्यंत नाही. तिथेही पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटेल पडला असेल, पण कोरोनरने अपघात मानला नाही.

मिसळवाला_सातपूर

बरं बरं, मी माघार घेतो. नाइट शिफ्टचं मला माहीत नव्हतं. मग त्याने निनावी फोन करावा ना, क्राइम स्टॉपर्स असतं म्हणे तिकडे, नाव सांगावं लागत नाही.

रिटायर्ड_हवालदार

निनावी कशाचं. मागच्या दाराला कचऱ्याच्या डब्यापाशी उभं राहून ऐकणारे किचनमध्ये असे किती जण? पोलिसाने त्या पार्टनरला "भांडण झालं होतं का" एवढं विचारलं की त्याला दोन मिनिटांत कळणार कोणी सांगितलं. त्यापेक्षा नाव सांगून जबाब द्यावा, आणि गावच्या चौकीत नको. चौकीतला शिपाई त्याच पबमध्ये बसणारा, वाईट नसेल पण लहान गावात भिंतींना कान नसतात, तोंडं असतात. वरच्या ऑफिसला बोलावं. आणि जबाबात ऐकलं तेवढंच सांगायचं, नाइट शिफ्टचा अर्थ त्याने सांगायचा नाही, ते पोलिसांना तिथे आपल्यापेक्षा चांगलं माहीत असणार. स्वतःचा तर्क जोडला की साक्षीदाराची किंमत जाते. तारीख आठवत नसेल तर त्या दिवशी किचनला काय केलं होतं, कोणती डिलिव्हरी आली होती, त्यावरून काढ म्हणावं.

लाल_माती

काकांना +१. साउथ ऑस्ट्रेलियाची मेजर क्राइम ब्रांच अ‍ॅडलेडला आहे, १३१ ४४४ ला फोन करून त्यांच्याशीच बोलायचंय म्हणून सांगायचं. इंग्रजीत अडखळत असेल तर दुभाष्या मागता येतो, फुकट असतो. आणि फोन मोटेलच्या वायफायवरून नको, मोटेलपासून लांब जाऊन आपल्या सिमवरून.

इंदिरानगरची_ताई

अपडेट देते, बारा दिवसांनी. उशीर झाला, माफ करा, इकडे आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं.

भावाने फोन केला. अ‍ॅडलेडहून दोघं जण आले, त्याला गावात नाही भेटले, तो सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या गावाला सामान आणायला गेला तिथे भेटले. तीन तास बसले. तारीख काकांनी सांगितलं तशीच निघाली, त्या दिवशी कांदे आले होते आणि निम्मे सडके निघाले म्हणून त्याने फोटो काढून सप्लायरला पाठवला होता, फोटोवर तारीख-वेळ सगळं. नाशिकचा माणूस, कांद्यानेच वाचवलं म्हणायचं.

नाइट शिफ्ट शब्द ऐकल्यावर त्यातल्या बाईने लिहायचं थांबवून तोच शब्द का, नक्की का, असं तीनदा विचारलं. आता क्लेमच्या आजूबाजूच्या शाफ्टमध्ये दोरीला कॅमेरा बांधून सोडतायत, एकेक करून. अजून काही सापडलं नाही. मोटेलवर कोणी काही बोलत नाही, पार्टनर नेहमीसारखा येतो, जेवतो, थँक यू शेफ म्हणतो. भाऊ म्हणतो तेच जास्त अवघड जातं. एका दुसऱ्या ठिकाणी अर्ज टाकलाय, पोर्ट ऑगस्टाला.

आणि कुत्रा आता याच्याकडेच आहे, वरण-भातच खातो, दुसरं काही दिलं तर तोंड फिरवतो. काल व्हिडिओ कॉलवर आईला दिसला. कोणाचा रे तो, म्हणाली. भाऊ म्हणाला एका गिऱ्हाईकाचा आहे, गावाला गेलेत ते.