माळावरचा बार्बेक्यू बंद व्हायला हवा का?

मावळची_सून:
होळीनंतरच्या रविवारी आमच्या शेताच्या वरच्या माळावर एक फॅमिली आली होती, आजी-आजोबा, लहान पोरं, चांगली माणसं होती. बार्बेक्यू लावला, जेवले, जाताना निखारे जमिनीवर ओतून वर माती लोटली आणि गेले. चारच्या सुमारास वारा सुटला आणि गवत पेटलं. सासरे, दीर आणि मी निरगुडीच्या ओल्या फांद्या घेऊन झोडपत होतो, डोळ्यांतून नुसतं पाणी. वैरणीची गंज वाचली पण आंब्याची चार कलमं करपली, ठिबकच्या नळ्या वितळून मातीला चिकटल्या, आणि दुसऱ्या दिवशी राखेत टिटवीची तीन अंडी दिसली, काळी पडलेली. टिटवी तिथेच ओरडत फिरत होती हो.
माझं म्हणणं एवढंच, जानेवारीपासून पाऊस पडेपर्यंत गवताच्या माळावर विस्तव नकोच. करायचंच असेल तर कोणाच्या तरी अंगणात नाहीतर नांगरलेल्या रानात, मालकाला विचारून, शेजारी पाण्याचा ड्रम ठेवून करा. तुम्हाला काय वाटतं?

अलिबागचा_दादूस:
वहिनी, नुकसान झालं ते वाईटच. पण "विस्तव नकोच" याला माझा विरोध आहे. आमच्याकडे थंडीत पोपटी लावतात, मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, खडेमीठ, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, तोंडाला परत पाला कोंबून मडकं उपडं ठेवायचं आणि भोवती झावळ्या, पेंढा रचून पेटवायचं. मडक्यावर पाणी शिंपडलं की चर्र वाजतं मग झाली समजायचं. हे सगळं उघड्या रानातच होतं ना! पण कापणी झालेल्या खाचरात, भोवतालचं गवत काढून, आणि आग विझेपर्यंत घरचं कोणीतरी तिथं बसलेलं असतं. माणूस उठून गेला की घोटाळा होतो. उद्या सरसकट बंदी आली की पहिली गदा आमच्या पोपटीवरच येणार.

डोंबिवलीचा_बाबा:
मला हा धागा एकतर्फी वाटला. आम्ही जायचं कुठे? बिल्डिंगच्या गच्चीवर सोसायटी परवानगी देत नाही, रिसॉर्टमध्ये चौघांचा खर्च झेपत नाही, पोरांना वर्षातून एकदा मोकळ्यावर न्यायचं तर तिथेही आम्हीच गुन्हेगार. आणि गावातले लोक नवीन गवत चांगलं येतं म्हणून डोंगर पेटवतात, राब भाजतात, ते चालतं का?

मावळची_सून:
भाऊ, डोंगर पेटवणं चूकच आहे, आमच्या गावातही आहेत असे, मी त्यांच्याशीही भांडते. पण राबाचं तसं नाही. भाताच्या रोपांसाठी तेवढाच तुकडा भाजायचा असतो, आमच्याकडे आधी कडेचं गवत काढतात, वारा पडायची वाट बघतात आणि घरची दोन माणसं पाणी घेऊन उभी असतात. तुम्ही येऊ नका असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

कारवीचं_रान:
मला उलट तुम्ही फार मवाळ वाटता. मी सात-आठ वर्षं वणवा विझवायला जातोय. राखीव वनात परवानगीशिवाय विस्तव पेटवणं १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ प्रमाणे गुन्हाच आहे, आणि माळावरून जंगल कुठे सुरू झालं हे शहरातल्या माणसाला कळतच नाही, मग डोंगराला लागून कुठेच नको ना! बरं, निखाऱ्यांवर माती टाकणं ही सगळ्यात मोठी चूक. आत कोळसा धुमसत राहतो, वरून काही दिसत नाही, पोरगं अनवाणी गेलं तर पाय भाजतो. पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता, वरून हाताचा पालथा पंजा धरून बघा, ऊब लागली तर अजून पाणी. गार होईपर्यंत जागा सोडायची नाही.

ब्रिस्टलकर:
इथे इंग्लंडमध्ये अॅल्युमिनियमच्या ट्रेमध्ये कोळसा घातलेले वापरून फेकायचे बार्बेक्यू मिळतात, ते थेट गवतावर ठेवतात. २०२० च्या मे महिन्यात डॉर्सेटमधलं वेअरहॅमचं जंगल पेटलं, २०० हेक्टरच्या आसपास जळालं आणि तिथे असे ट्रे सापडले. म्हणजे थंड हवेच्या देशात ही गत, आपल्या मार्चच्या उन्हात काय होईल! माझं मत बंदीकडे झुकतं, पण लोकांना जागाही द्यायला हवी, विटांचा ओटा आणि नळ असलेली.

डोंबिवलीचा_बाबा:
मातीचं मला खरंच माहीत नव्हतं, आम्हीही आजवर तेच करत आलो, चांगलं म्हणूनच. पण बंदीला अजूनही माझा विरोध आहे, कारण बंदी आली की लोक लपून करतात आणि लपून केलं की घाईत उठतात. वहिनी, तुमच्या अंगणात आलो तर चालेल का?

मावळची_सून:
या की. फक्त कोळसा घरून आणा, झाडाची फांदी तोडायची नाही, हाडं आणि प्लेटा पिशवीत भरून परत न्यायच्या, गुरं प्लास्टिक खातात. रात्री तंबूत झोपणार असाल तर थंडी वाजते म्हणून शेगडी आत घ्यायची नाही, कोळशाच्या विषारी वायूने माणूस झोपेतच जातो. आणि दोन दिवस आधी कळवा, आमच्याकडे मोटरची लाईट रात्रीची असते, ड्रम आदल्या रात्रीच भरून ठेवावे लागतात.